तीनदा विकलेला भोपळा

भोपळा तसा साधाच होता. तांबडा, एका बाजूने दबलेला, देठाला अजून माती. वसतिगृहात आम्हांला भाकरी वाढणाऱ्या मावशींनी तो परसातून आणला होता. पाळकसाहेबांनी दोन्ही हातांनी वर धरला आणि पुकारलं, "शंभर!"

हंगामाच्या सणाला नगरकडे असा लिलाव होतो. बाजरीचं पोतं, अंड्यांची टोपली, पाय बांधलेली कोंबडी. ज्याच्याकडे जे पिकलं ते आधी वेदीपुढे येतं, मग बाहेर चिंचेखाली विकलं जातं आणि पैसे मंडळीच्या कामाला लागतात. आमच्या मिशन शाळेच्या माजी विद्यार्थ्यांनी यंदा मेळावा मुद्दाम त्याच रविवारी धरला. मला वाटलं, मांडव आयता मिळतो म्हणून. तेही होतंच.

शहराचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण आमच्या तोंडात नगरच. १८३१ साली अमेरिकन मराठी मिशन इथे आलं. १८३९ मध्ये सिंथिया फॅरारबाई मुंबईहून इथे आल्या आणि शेवटपर्यंत मुलींच्या शाळांत राबल्या. सावित्रीबाई फुल्यांनी अध्यापनाचे धडे त्यांच्याकडे गिरवले. हे आम्हांला कुणी सांगितलं नाही असं नाही. आम्ही ऐकलं नाही. तेव्हा आमचं लक्ष मधल्या सुट्टीच्या घंटेकडे.

मी पारनेरकडचा, वारकऱ्याच्या घरातला. शाळेत पहिल्या आठवड्यात शिकलो ते 'सलाम'. इथले ख्रिस्ती लोक भेटले की सलाम म्हणतात. बाईंना सलाम, पाळकसाहेबांना सलाम, वाटेत भेटलेल्या कुणाच्याही आजोबांना सलाम. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो आणि उंबऱ्यातच आजीला सलाम ठोकला. ती जात्यावरून उठलीही नाही. "कोण साहेब आलाय रं?" म्हणाली.

पण सकाळच्या प्रार्थनेत मला कधी परकं वाटलं नाही, त्याला कारण रेव्हरंड टिळक. १८९५ साली ना. वा. टिळक ख्रिस्ती झाले, पण अभंगाची चाल काही त्यांनी सोडली नाही. 'उपासना संगीत'मधली त्यांची भजनं आम्ही पेटी-टाळावर म्हणायचो. डोळे मिटले की गावचा काकडाच. परवा मेळाव्यात त्यातलंच एक सुरू झालं. दुसऱ्या कडव्याशी सगळे अडखळले, पाळकसाहेबसुद्धा. ते उचललं मागच्या रांगेतल्या आमच्या एका मुसलमान दोस्ताने, तेही डोळे मिटून, सुरात. शाळेत असताना प्रार्थनेला उशिरा आल्याबद्दल सगळ्यांत जास्त छड्या त्यानेच खाल्ल्या होत्या.

तर भोपळा. तो साडेचारशेला गेला. घेणारा आमच्याच वर्गातला, आता बँकेत आहे. पैसे मोजून त्याने भोपळा पुन्हा टेबलावर ठेवला, "परत पुकारा." ही इथली जुनी रीत: घेतलेली वस्तू पुन्हा देऊन टाकायची. दुसऱ्यांदा नऊशे. मग कुणीतरी दुबईतल्या मित्राला व्हिडिओ कॉल लावला आणि भोपळा फोनपुढे धरला. तिकडून आवाज आला, "दोन हजार! पण जरा फिरवून दाखव." मांडव हसून लोटपोट. पैसे जमले, शाळेच्या कौलांचं काम निघालंय, त्याला.

भाषणं नेहमीसारखी झाली. शाळेचे उपकार सगळ्यांनी मानले. शाळा मराठी माध्यमाची आहे आणि आमच्यापैकी एकाचंही मूल तिथे शिकत नाही, एवढं मात्र कुणी बोललं नाही. मीही नाही. माझी मुलगी पुण्याच्या इंग्रजी शाळेत आहे.

एवढी बोली लागलेला भोपळा घरी न्यायला मात्र कुणी तयार होईना. कुणाला बस गाठायची होती, कुणाच्या गाडीत जागा नव्हती. शेवटी मावशींनीच तो विळीवर घेतला. वरून मिरच्या, दाण्याचं कूट. पत्रावळी मांडल्या, पंगत बसली.

वाढत वाढत त्या माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. माझं नाव त्यांना आठवेना. बराच वेळ तोंडाकडे बघत राहिल्या.

"भोपळा कडंला सारायचास, तोच ना तू?"

मी मान खाली घातली. मावशींनी दोन डाव वाढले आणि पत्रावळ रिकामी होईपर्यंत पुढे सरकल्या नाहीत.