कुमारी बेटांच्या सागरात: एका जलविहाराची आखणी

पृथ्वीच्या नकाशावर पुण्यापाशी बोट ठेवून सरळ पश्चिमेकडे सरकत जावे. अरबी समुद्र, अरबस्तान, तांबडा समुद्र, सुदान, सहाराचे वाळवंट आणि त्यापुढे अटलांटिकचा अफाट विस्तार ओलांडला, म्हणजे कॅरिबियन समुद्राच्या तोंडाशी लहान लहान बेटांचा एक पुंजका लागतो. हीच ब्रिटिश व्हर्जिन बेटे. १४९३ साली कोलंबस या बाजूने गेला, तेव्हा बेटांची दाटी पाहून त्यास संत उर्सुला व तिच्या अकरा हजार कुमारिका यांची ख्रिस्ती कथा आठवली, व त्यावरून त्याने हे नाव ठेविले. प्रत्यक्षात लहानमोठी मिळून बेटे साठाच्या आसपास भरतात. राजधानी रोड टाउन ही टॉर्टोला बेटावर १८ अंश २५ कला उत्तर अक्षांशावर वसली आहे. म्हणजे आपल्या हिशेबाने मुरूड-जंजिरा व पुणे यांच्या बरोबर मध्ये. ऊन ओळखीचे, नारळ ओळखीचा. अनोळखी काय तो समुद्र.

येत्या फेब्रुवारीत आमच्या घरची आठ माणसे या समुद्रात सात दिवस यंत्रनौकेतून हिंडणार आहेत. सत्तरी उलटलेल्या आत्याबाई, आम्ही उभयता, अमेरिकेत स्थायिक झालेले आमचे धाकटे बंधू व त्यांची पत्नी, आणि तीन मुले. गेले तीन महिने घरात या बेताचीच चर्चा चालू आहे. तिच्यातून जे हाती लागले ते अशा सफरीचा विचार करणाऱ्या इतर कुटुंबांस उपयोगी पडेल, म्हणून येथे मांडीत आहो.

प्रथम नौकेविषयी. शिडाची होडी स्वस्त पडते, परंतु तिला शीड हाताळणारी माणसे लागतात व वाऱ्याने ती एका अंगावर कलते. वृद्ध माणूस बरोबर असता हे कलणे सोसत नाही. म्हणून दोन अंगांची, दोन यंत्रांची कॅटमरान आम्ही ठरविली. हा शब्द मूळचा तमिळ. 'कट्टुमरम्' म्हणजे बांधलेले ओंडके. दोन्ही अंगे एकमेकांपासून दूर असल्याने ही होडी कमी डोलते आणि उथळ पाण्यातही जाते. एक यंत्र पुढे व दुसरे मागे चालविले की ती जागच्या जागी वळते, आणि अरुंद धक्क्यात ही सोय फार मोलाची ठरते.

परंतु यंत्रनौकेबरोबर एक मोहही घरात शिरतो, आणि तो म्हणजे वेगाचा. आमच्या पुतण्याने नकाशा पुढे ओढून पहिल्याच बैठकीत सात दिवसांत चौदा बेटे बसविली होती. हिशेबात चूक नव्हती. इतके अंतर तोडणे यंत्रास सहज शक्य आहे. तथापि वेग दुप्पट केला म्हणजे डिझेल दुप्पट लागते असे नव्हे, त्याहून पुष्कळ अधिक लागते. ताशी सात-आठ सागरी मैलांच्या संथ चालीने जी होडी काटकसरी असते, तीच भरधाव सोडली म्हणजे उधळी होते. जाण्यास एक तृतीयांश, येण्यास एक तृतीयांश आणि उरलेले संकटासाठी राखून ठेवावे, हा तेलाविषयीचा जुना नियम आम्ही वहीच्या पहिल्या पानावर लिहिला आहे.

वेगाहून महत्त्वाचा विचार उजेडाचा. या पाण्यात प्रवाळाचे खडक आहेत, आणि ते ओळखण्याचे उत्तम साधन म्हणजे उघडा डोळा. गडद निळे पाणी खोल, हिरवट उथळ, फिकट पांढुरके म्हणजे खाली वाळू, आणि तपकिरी डाग दिसला की तेथे प्रवाळ समजावे. हे रंग सूर्य उंच व पाठीमागे असतानाच उमटतात. तो समोर खाली आला की सारे पाणी चांदीच्या पत्र्यासारखे एकच दिसते. म्हणून सकाळी निघून दुपारी तीनच्या आत मुक्काम गाठावा. होडी बांधण्याचे बोयेही दुपारनंतर भरून जातात. रात्रीचा प्रवास तर भाड्याच्या करारातच बहुधा निषिद्ध असतो.

कोकणच्या समुद्राशी परिचय असलेल्यांनी दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्या. मुंबईस मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीत बारा-पंधरा फुटांचा फरक पडतो. तिकडे तो फूट-दीड फुटापलीकडे क्वचितच जातो. ऐकताना हे सुखाचे वाटते. परंतु आपल्या खाडीत रुतलेला मचवा पुढच्या भरतीस आपोआप उचलला जातो, तिकडे रुतलेली नौका उचलावयास भरती येत नाही. दुसरी गोष्ट खुणेच्या बोयांची. आपल्याकडे बंदरात शिरताना तांबडा बोया डाव्या हातास ठेवावयाचा असतो. अमेरिका खंड व कॅरिबियन यांत तो उजव्या हातास ठेवावा लागतो. एकाच समजुतीने दोन्हीकडे जाणारा माणूस नेमका खडकावर जाईल.

आता मार्ग. या प्रदेशात व्यापारी वारे पूर्वेकडून वाहतात. म्हणून अंगात उत्साह असताना पहिल्या दिवसांत सकाळच्या प्रहरी वाऱ्याच्या तोंडास पूर्वेकडे जावयाचे, आणि परतताना वारा पाठीशी घ्यावयाचा. पहिला मुक्काम नॉर्मन बेट. स्टीव्हन्सनच्या 'ट्रेझर आयलंड'चे मूळ हेच बेट, असे तिकडील लोक अभिमानाने सांगतात. मुलांस याहून अधिक काय हवे? तेथील समुद्रगुहांत पोहत जाता येते.

दुसऱ्या दिवशी सॉल्ट बेटावरून कूपर बेटाकडे. सॉल्ट बेटावरील मिठागरांचे रहिवासी एके काळी दरसाल मीठ हाच खंड म्हणून ब्रिटनच्या राजास देत. याच बेटाच्या काठाशी ऱ्होन ही टपालाची आगबोट बुडालेली आहे. २९ ऑक्टोबर १८६७ रोजी हवामापकातील पारा झपाट्याने उतरला व वादळ आले. मध्येच वारा पडला, तेव्हा कप्तानाने यंत्राच्या बळावर खुल्या समुद्रात निसटण्याचा निर्णय घेतला. परंतु ती शांतता वादळाच्या मध्याची होती. उलट दिशेने वारा उसळला, बोट खडकावर आदळली, तप्त बाष्पपात्रांस थंड पाणी लागून स्फोट झाला, आणि सव्वाशेच्या जवळपास माणसे गेली. त्या काळच्या वेगवान बोटींत तिची गणना होती. आज तेथे सागरी उद्यान असून पाणबुडे तिचे अवशेष पाहतात. चक्री वादळांचा काळ जून ते नोव्हेंबर मानतात. ६ सप्टेंबर २०१७ रोजी इर्मा वादळाने या बेटांवरील घरे व नौका यांची धूळधाण केली, ती लोकांच्या स्मरणात ताजी आहे. आम्ही फेब्रुवारी निवडला त्याचे हे कारण.

तिसरा दिवस व्हर्जिन गोर्डा बेटाचा. तेथील 'बाथ्स' या ठिकाणी ग्रॅनाइटच्या घराएवढ्या शिळा एकमेकींवर रेलल्या असून त्यांच्या पोटात समुद्राच्या पाण्याची कुंडे झाली आहेत. नौकेतून जाणाऱ्यास शेवटचे अंतर पोहून काठ गाठावा लागतो, आणि लाटा मोठ्या असल्या तर तांबडे निशाण लावून समुद्रस्नान बंद करितात. आत्याबाईंस पोहता येत नाही. "मी होडीतच जप करीत बसेन," असे त्या म्हणाल्या. परंतु आठ जणांच्या सफरीत एकीने होडीत बसावयाचे असेल, तर तो बेतच चुकला असे आम्ही समजतो. चौकशीअंती असे ठरले, की होडी स्पॅनिश टाउनच्या धक्क्यास लावावी, तेथून टॅक्सीने सर्वांनी माथ्यावर जावे, आणि ज्यांस उतरवेल त्यांनी पायवाटेने खाली उतरावे. शिळा व सागर वरूनही दिसतात.

खरा वाद झाला तो ॲनेगाडाविषयी. इतर बेटे डोंगराळ. टॉर्टोलाचे शिखर १७०० फुटांवर आहे. ॲनेगाडा मात्र चुनखडी व प्रवाळाचे सपाट बेट. त्याची सर्वांत उंच जागा तीस फूटही भरत नाही, त्यामुळे जवळ गेल्यावाचून ते दिसतच नाही. भोवती हॉर्सशू नावाची प्रचंड प्रवाळरांग पसरली असून तिच्यावर शतकानुशतके शेकडो जहाजे फुटली. व्हर्जिन गोर्डाच्या नॉर्थ साउंडपासून अंतर सुमारे पंधरा सागरी मैल. रोहित पक्ष्यांचे थवे व मैलोगणती निर्मनुष्य वाळू, यांसाठी मुलांचा आग्रह; बंधूंचा पाठिंबा; दोघी जावांचा सक्त विरोध.

आमच्या घरी वडीलधाऱ्यांचा शब्द किंवा बहुमत यांवर निर्णय होतात. समुद्रावर यांपैकी काहीच चालत नाही. बंधूंस अमेरिकेतील सरोवरांत होडी चालविण्याचा सराव आहे. तरी प्रवाळाचा अनुभव नाही, म्हणून सातही दिवसांकरिता तेथलाच माहितगार कप्तान पगारावर घ्यावयाचा ठरले. पाचवा दिवस मोकळा ठेविला आहे. त्या सकाळी वारा ताशी वीस सागरी मैलांच्या आत, उत्तरेची लाट नाही आणि आकाश निरभ्र, या तिन्ही अटी पुऱ्या झाल्या तरच निघावयाचे. एकही उणी पडली तर नॉर्थ साउंडमध्येच पोहावयाचे. अंतिम शब्द कप्तानाचा, आणि त्यावर कोणी रुसावयाचे नाही. वेगवान यंत्राचा खरा उपयोग आम्हांस येथे दिसला: सूर्य वर येईपर्यंत थांबूनही दोन तासांच्या आत पोहोचता येते, आणि हवा फिरली तर तितक्याच त्वरेने माघारी येता येते.

सहाव्या दिवशी वारा पाठीशी घेऊन यॉस्ट व्हॅन डाइक, आणि सातव्या दिवशी पुन्हा रोड टाउन. एकंदर सहा बेटे. फार तर सात.

संसाराच्या बाबी थोडक्यात. तेथील चलन अमेरिकन डॉलर, व बहुतेक जिन्नस बाहेरून येत असल्याने महाग. तांदूळ व भाज्या रोड टाउनलाच भराव्या. मेतकूट, मसाले, लोणचे बरोबर न्यावे. गोडे पाणी टाकीत असेल तेवढेच, म्हणून अंगावर तांब्ये ओतण्याची सवय सात दिवस विसरावी. मुलांस जीवरक्षक जाकीट चालत्या होडीत सक्तीचे. मळमळ होणाऱ्याने पाठीमागच्या मोकळ्या भागात बसून नजर क्षितिजावर ठेवावी, आले तोंडात ठेवावे. बिनतारी यंत्राचा १६वा मार्ग संकटाच्या हाकेसाठी असतो. तो कसा वापरावा हे एकट्या कप्तानास नव्हे, घरातील किमान दोघांस शिकवून ठेवावे.

पुतण्याचा चौदा बेटांचा कागद आम्ही फाडला नाही. वहीत जपून ठेविला आहे. उरलेली बेटे पुढच्या खेपेस त्यास व त्याच्या भावंडांस आहेतच. या खेपेस मात्र आठही माणसांनी एकत्र जेवावे, एकत्र पाहावे, आणि रोज सूर्य मावळताना नौका बोयाशी घट्ट बांधलेली असावी, एवढीच आमची मनीषा आहे.