आईचे गोठ

मुलीच्या शिक्षणासाठीं आमच्या मातोश्रींचे लाख भरलेले गोठ विकण्याचा प्रसंग गेल्या वर्षीं आम्हांवर आला. पुंडलिकनगराहून आम्ही सराफ्यांत गेलों. पहिल्या पेढीवर कसोटीवर रेघ ओढून अंदाजानेंच चौथा हिस्सा घट धरूं लागले, आम्ही उठलों. दुसरे सराफ म्हणाले, "मास्तर, खरा भाव हवा तर गोठ फोडून, लाख काढून, सोनें आटवावें लागेल."

आम्ही क्षणभर थांबलों. मग मान हलविली.

आटविल्यावर कस हजारांत 833, म्हणजे वीस कॅरट, निघाला. तेवढ्या भागाचे पैसे शुद्ध सोन्याच्या त्या दिवसाच्या दरानें चोख मिळाले. बाळपणीं आम्ही दांतांनीं चेपलेली जागा मात्र त्या लगडींत कोठें होती?

फी त्याच सायंकाळीं भरली.