परताव्याचा मेसेज
आयकर रिटर्न भरायचा हंगाम आला की मोबाइलवर मेसेज येऊ लागतात: ‘तुमचा परतावा मंजूर झाला आहे, खाते क्रमांक पडताळून घ्या.’ खाली लिंक. मला वाटतं, माणूस फसतो तो या नेमक्या वेळेमुळे. जो परताव्याची वाट पाहतोय, त्याला तो मेसेज खरा वाटणारच. म्हणून ‘अडाणी माणसंच फसतात’ हे म्हणणं मला पटत नाही. ते अन्यायाचंही आहे. खरा परतावा आयकर खात्याच्या पोर्टलवर आधीच पडताळलेल्या बँक खात्यात थेट जमा होतो. त्यासाठी कार्डाचा नंबर किंवा पिन कुणी मागत नाही. कुणी म्हणेल, मेसेजमध्ये माझा पॅन बरोबर होता. पण पॅनच्या झेरॉक्स आपण बँकेपासून घरमालकापर्यंत किती ठिकाणी देतो!

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: सगळंच खोटं मानलं, तर खरी नोटीस हुकेल. हे खरंच आहे. म्हणून मेसेजमधल्या लिंकला हात न लावता ते पोर्टल स्वतः पत्ता टाइप करून उघडावं. १ ऑक्टोबर २०१९ पासून आयकर खात्याच्या नोटिशीवर ‘डिन’ हा ओळख क्रमांक असतो. तो पोर्टलवर लॉगिन न करताही तपासता येतो. मालमत्ता कराच्या थकबाकीचा मेसेज आला, तर तीही महापालिकेच्या साइटवर किंवा वॉर्ड ऑफिसात जाऊनच पाहावी.