बेडकाचं परळ

कावीळ होऊन गेल्यापासून पाणी उकळूनच पितो. नगरच्या आमच्या अंगणात, कुंड्यांमागे, खडबडीत पाठीचा एक बेडूक मुक्कामाला आहे. त्याच्यासाठी मातीचं परळ भरून ठेवतो. बेडूक तोंडानं पाणी पीत नाही, पोटाच्या कातडीनं शोषून घेतो. म्हणजे तो आपल्या पेल्यातच बसलेला असतो. मुळा धरणाचं नळाला आलेलं पाणी, त्यातला क्लोरीन उडावा म्हणून, बादलीत दिवसभर उघडं ठेवून मगच ओततो. परळ घासताना तळाचा बुळबुळीत थर बोटांना लागतो. मला निदान उकळायची सोय आहे. त्याला समोर येईल ते अंगात घ्यावं लागतं. ही काळजी त्याची, की माझ्याच आजारपणाची? उन्हाळ्यात तो जमिनीत शिरला, तरी माझं घासणं थांबेल असं वाटत नाही.