खुंटीवरचा पट्टा

दक्षिण दिल्लीतील मुनिरका हे गाव आता केवळ नावापुरते गाव उरले आहे. चारी बाजूंनी शहर चढून आल्यावर त्याने वरच्या दिशेने वाढणे पत्करले. शेजारी १९६९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठ उभे राहिले आणि बोळांतील खोल्यांना विद्यार्थ्यांचे, पुढे स्पर्धापरीक्षा देणाऱ्यांचे भाडे मिळू लागले. अशाच एका चौथ्या मजल्यावरील खोलीत बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातून आलेला एक तरुण दोन सोबत्यांसह राहतो. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात सहायक कमांडंट व्हावे, ही त्याची आकांक्षा. लेखी परीक्षेचा निकाल अनुकूल लागला आणि त्याच आठवड्यापासून खोलीतील खुंटीवर एकेक वस्तू लोंबू लागली : कमरेचा रुंद चामडी पट्टा, पोटऱ्यांवर चढवायचे घट्ट मोजे, मनगटाच्या पट्ट्या, हातमोजे. नाडीचे ठोके मोजणारे घड्याळ तेवढे हातावर. पैसे अर्थातच घरच्या उसाच्या बिलातले.

समोर चाचणी होती ती अशी : १०० मीटर १६ सेकंदांत, ८०० मीटर ३ मिनिटे ४५ सेकंदांत, लांब उडी साडेतीन मीटर आणि ७.२६ किलोचा गोळा साडेचार मीटर. वयोमर्यादेच्या हिशेबाने ही त्याची शेवटची संधी.

धावण्यापुरते बोलायचे तर त्याच्याच जिल्ह्याचा इतिहास या साजाच्या विरुद्ध साक्ष देतो. १९१९ साली पुण्यात डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत अनवाणी धावणारी खेड्यापाड्यांतील मुले दोराबजी टाटांनी पाहिली आणि त्यांच्या वेळा पाहून ते चकित झाले. त्यातूनच १९२० साली अँटवर्प ऑलिंपिकला भारताचा संघ गेला. त्या संघातील बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. परंतु अनवाणीपणाचे गोडवे गाण्यातही एक प्रकारची आत्मवंचना असते. इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने १९६० साली रोममध्ये अनवाणी मॅरेथॉन जिंकली, हे सर्वांना ठाऊक असते. १९६४ साली टोकियोत तोच बिकिला बूट घालून धावला आणि त्याला तीन मिनिटांहून अधिक वेळ कमी लागला, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. २०२० साली तर रस्त्यावरील शर्यतींच्या बुटांचा तळ ४० मिलिमीटरांहून जाड नसावा, असा नियम जागतिक संघटनेला करावा लागला. निरुपयोगी वस्तूवर कोणी निर्बंध घालीत नाही. मुनिरक्याच्या उखडलेल्या डांबरावर आणि विद्यापीठाकडील अरवलीच्या खडकाळ वाटांवर बूट ही चैन नव्हे. पोटऱ्यांचे मोजे, घड्याळ यांचे तसे नाही. दिल्लीच्या हिवाळ्यात नाडीपेक्षा हवेचा आकडा पाहून बाहेर पडलेले बरे.

कमरेच्या पट्ट्याची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. श्वास भरून पोटाचे स्नायू पट्ट्यावर आतून रेटले की उदरातील दाब वाढतो आणि कण्याला आधार मिळतो. म्हणून फार मोठे वजन उचलणाऱ्याला तो खरोखर उपयोगी पडतो. जो अजून बेताचेच वजन उचलतो, त्याच्या कमरेला मात्र तो आधार अकाली मिळतो.

मराठीत ‘साधन’ आणि ‘साज’ हे शब्द निराळे आहेत, आणि कोल्हापूरकडच्या तालमींनी तो भेद आचरणात पाळला. लंगोट सोडला तर पैलवानाच्या अंगावर काही नसे. भोवती मात्र पुष्कळ असे. ताक, तेल, हळद, लिंबू घालून मळलेली लाल माती हेच मोठे साधन, आणि हौदा खोऱ्याने उकरणे हाच पहिला व्यायाम. पण मातीही सर्वत्र पुरत नाही. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गादीवर उतरले तेव्हा ती गादी त्यांना नवखी होती. ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक मिळविले. जिथे कसोटी गादीवर होते, तिथे गादीला साज कसे म्हणावे?

तरुणाचे वडीलही लहानपणी तालमीत घुमलेले. एका रात्री फोनवर त्यांनी खरेदीची सारी यादी शांतपणे ऐकून घेतली आणि मग एवढेच विचारले, “पट्टा ऱ्हाऊ दे बाळ, गोळा घेतलास का?”

गोळा घेतलेला नव्हता. महिनाभर तो एका ओबडधोबड दगडावर सराव करीत होता आणि त्या दगडाचे वजन कोणी केलेले नव्हते. लोखंडी गोळा आणून पहिल्या दिवशी फेकला, तेव्हा तो चार मीटरही गेला नाही. मनगट वळले. तिथे मनगटाच्या पट्टीचा मोह त्याला झाला असणार. पण गोळा तळहातावर न ठेवता बोटांच्या मुळाशी ठेवायचा असतो, हे त्याच दिवशी एका सोबत्याने दाखविले, आणि दुखणे आठवड्यात थांबले.

चाचणीला अजून सतरा दिवस आहेत. काल फेक चार मीटर तीस सेंटिमीटर झाली. पट्टा खुंटीवरच आहे, त्याच्यावर आता ओला टॉवेल वाळत असतो. रोज पहाटे गोळा पिशवीत घालून चार जिने उतरावे लागते. पिशवी पायऱ्यांवर आपटते, आणि खालच्या मजल्यावरचा घरमालक दार उघडून विचारतो की, एवढ्या सकाळी सामान घेऊन कुठे निघालात, भाडे तर बाकी नाही ना?