उशाखालचे पुस्तक

पुण्याहून दौंडकडे जाणारी गाडी हडपसर सोडते आणि शहराची गर्दी हळूहळू मागे पडते. लोणी, उरुळी, यवत अशी ओळखीची स्टेशने येऊन जातात. उसाचे मळे आणि मधूनच एखादे उघडे माळरान डोळ्यांपुढून सरकत राहते. या मार्गावरून मी आजवर कितीदा तरी गेलो असेन. पण केडगावला कधी उतरलो नव्हतो. गेल्या माघात उतरलो, तो पिशवीत एक लहानसे पुस्तक घेऊन. ते माझे नव्हते. ज्यांचे होते त्यांना परत करायचे होते, आणि खरे सांगायचे तर त्याबरोबर एक माफीही मागायची होती.

झाले होते ते असे. आमची आई शेवटचे चार महिने अंथरुणाला खिळून होती. रात्रीच्या सोबतीला एक वयस्क परिचारिका येत. घरातली लहानथोर सगळी त्यांना 'सिस्टरबाई' म्हणत. मूळच्या नगरकडच्या, धर्माने ख्रिस्ती. हात इतका हलका, की त्यांनी कूस बदलून दिली तर आई कण्हत नसे. एका रात्री मी पाणी प्यायला उठलो, तो आईच्या खोलीतून हलक्या आवाजात वाचन ऐकू आले. सिस्टरबाई दिव्यापाशी बसून बायबलातले मेंढपाळाचे स्तोत्र वाचत होत्या आणि आई डोळे मिटून ऐकत होती. जन्मभर हरिपाठ म्हणणारी माझी आई! माझ्यातला उदारमतवादी प्राध्यापक त्या क्षणी कुठे पळाला, कोण जाणे. सकाळी मी त्यांना दाराशी गाठून म्हटले, "बाई, आमच्या घरात हे नको."

"बरं, सर," एवढेच त्या म्हणाल्या. पुन्हा वाचन ऐकू आले नाही.

कॉलेजात मी 'स्मृतिचित्रे' शिकवतो. लक्ष्मीबाई टिळकांच्या मनाच्या मोठेपणावर तास तास बोलतो. ते सगळे त्या दिवशी उंबऱ्याबाहेरच राहिले होते.

आई गेल्यावर गादी उचलताना उशाखाली ते पुस्तक सापडले. नवा करार आणि स्तोत्रे. काळे कव्हर, झिजलेल्या कडा. उघडले, तर तेविसाव्या स्तोत्राच्या पानात तुळशीचे एक वाळलेले पान होते. ते सिस्टरबाईंनी खचित ठेवले नसणार.

केडगाव स्टेशनाबाहेर रिक्षावाल्याने विचारले, "कुठं? बेट का मुक्ती?" बेट म्हणजे नारायण महाराजांचे बेट, दत्तभक्त तिकडे जातात. मुक्ती म्हणजे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन. दोघांचेही स्टेशन एकच. मी "मुक्ती" म्हणालो आणि माझे मलाच हसू आले. इतक्या सहज ती कोणाला मिळते!

सिस्टरबाई निवृत्त होऊन मिशनजवळच एका बहिणीकडे राहत होत्या. "सलाम, सर," म्हणून त्यांनी पुढे होऊन स्वागत केले, चहा दिला आणि मला आवार दाखवायला निघाल्या. माफीचे शब्द माझ्या घशातच राहिले.

कडुनिंबाच्या सावलीतून चालताना मी रमाबाईंचाच विचार करीत होतो. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही मुलगी. दुष्काळात आईवडील आणि बहीण गेली. मागून भाऊ गेला. लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच, १८८२ साली, पती गेला. १८८३ मध्ये इंग्लंडात तिने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी, निराधार मुली गोळा करून या माळावर आणल्या. मराठीत बायबल तेव्हा नव्हते असे नाही. श्रीरामपूरला, बंगाल्यात, नवा करार १८११ सालीच मराठीत छापला गेला होता. पण रमाबाईंना प्रचलित भाषांतराची भाषा जड वाटे. खेड्यातल्या, जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला ती कळावी कशी? म्हणून कलकत्त्याच्या पंडितांनी 'सरस्वती' म्हणून गौरविलेली ही विदुषी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकली आणि आपले सारे पांडित्य तिने सोपे लिहिण्यासाठी खर्च केले. एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, तरी काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई वारल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये बाहेर पडले. त्याचे खिळे जुळवणे, छपाई, बांधणी, सारे येथल्याच बायकांनी केले होते.

"आमच्या आजीनं इथं खिळे जुळवलेत," सिस्टरबाई म्हणाल्या. "छपन्नाच्या दुष्काळात आलेली पोर. ओळी जुळवता जुळवता तिला स्तोत्रं पाठ झाली."

मी धीर करून पुस्तक पुढे केले. "सिस्टरबाई, त्या दिवशी मी फार चुकलो."

त्यांनी पान उघडले, तुळस पाहिली आणि हसल्या. "तुम्ही नको म्हणालात, तेव्हापासून मी वाचलं नाही. पण आईंनीच मागून घेतलं. म्हणाल्या, चष्मा द्या, मी मनात वाचते. मला सांगायच्या, हा तुमचा मेंढपाळ म्हणजे आमचा गोपाळच की!"

मला काही बोलवेना. थोड्या वेळाने विचारले, "या वाचनानं दुःख कमी होतं का हो?"

"छे! माझा मुलगा गेला ना, तेव्हा वर्षभर हे स्तोत्र मला वाचवत नव्हतं. शब्द टोचायचे. तेव्हा ईयोब वाचायची. तो माणूस देवाशी चांगला भांडतो, आणि देव ते ऐकून घेतो. पैशाची ओढाताण असली की पाखरांचा आणि रानफुलांचा उतारा. रोज सकाळी एक अध्याय, मग चहा. दुःख आहे तिथंच असतं, सर. पण उठून चहा टाकायचं बळ येतं."

रमाबाईंनी भाषा सोपी करण्याचा एवढा अट्टहास का केला, ते मला तेव्हा उमगले. पहाटे कामाला लागायच्या आधी, डोळे पुरते उघडले नसताना, जे शब्द हाताशी लागतात, तेच दिवसभर पुरतात. तिथे कोश उघडून बसायला कोणाला सवड असते?

निघताना मी म्हटले, "सिस्टरबाई, आईला वाचून दाखवायच्या तसं एकदा वाचता?"

त्या पायरीवर बसल्या. मी खालच्या पायरीवर. वाचून झाल्यावर त्यांनी तुळशीचे पान होते तिथेच ठेवून पुस्तक मिटले.

परतीच्या गाडीत अंधार पडला होता. आईचा हरिपाठ देव्हाऱ्यात तसाच पडून होता. ती गेल्यापासून मी त्याला हात लावला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो काढला. बायकोने चहा आणला, तेव्हा म्हटले, "जरा थांब. एवढा एक अभंग होऊ दे."