आरसीवरचे गुरुजी

मागच्या आषाढात रात्री अडीच वाजता बाबांच्या छातीत दुखायला लागलं. आमचं गाव घाटंजी तालुक्यात, आतल्या अंगाला. अ‍ॅम्ब्युलन्स दुसऱ्या रुग्णाला घेऊन गेलेली. शेजारच्या काकांनी झोपेतून उठून गाडी काढली, म्हणून यवतमाळला वेळेवर पोचलो. बाबा वाचले. काकांनी डिझेलचे पैसेही घेतले नाहीत.

पण आता दर महिन्याला तपासणी आहे, आणि दर महिन्याला काकांच्या दारात उभं राहायची लाज वाटते. गावातली शेवटची यष्टी संध्याकाळी साडेसहाला. त्यानंतर काही झालं, तर ज्याच्या दारात गाडी त्याचाच आधार. आपल्याकडे फोर व्हीलर ही हौस आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी एक रात्र आमच्या गावात मुक्काम करावा.

यंदा सोयाबीन पावसानं खाल्लं. साठवलेले एक लाख होते. तेवढ्यात येईल ती जुनीच गाडी. आई म्हणाली, "कायले पैसे लावून रायला रे? यष्टी हाये ना." बाबा काहीच बोलले नाहीत. त्यावरून समजलो, की त्यांना गाडी हवी आहे.

यवतमाळात एका डीलरकडे पांढरी पेट्रोल गाडी पाहिली. एमएच २९ पासिंग, नोंदणी फेब्रुवारी २०११ ची. किंमत ८५ हजार. "भाऊ, एकहाती गाडी हाये. गुरुजीची होती. चालवून तर पाहा."

ओळखीच्या मिस्त्रीला सोबत नेलं. त्यानं गाडी थंड असताना चालू करायला लावली, धूर पाहिला, ऑइलचं झाकण उघडून आतून बोट फिरवलं, मॅट उचलून पत्रा ठोकून पाहिला. म्हणाला, "इंजिन बरं हाये. आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल येते, तं हे जुने रबरी पाइप बदलून घे. टायर दोन गेले. बाकी घे बिनधास्त."

मी ॲडव्हान्स द्यायला खिशात हात घातला होता. मग वाटलं, शेत घेताना आपण सातबारा पाहतो, बोजा पाहतो. गाडीलाही बोजा असतोच की. म्हणून आरसी मागितली.

पहिली गोष्ट, येत्या फेब्रुवारीत १५ वर्षं पूर्ण. मग फेरनोंदणी. कारसाठी ही फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५ हजार झाली. पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा. २०१९ च्या एप्रिलआधीची गाडी, म्हणून नवी सुरक्षा नंबर प्लेट लावणं आलं, ती ७४५ रुपये अधिक जीएसटी. म्हणजे ८५ हजारांची गाडी दारात येईपर्यंत लाखाच्या वर जाणार. तेही ओढूनताणून केलं असतं.

दुसरी गोष्ट, आरसीवर अजून गुरुजींचंच नाव. डीलर म्हणाला, "फॉर्मवर त्यांची सही घेऊन ठेवली हाये. काही टेन्शन नाही." कोऱ्या २९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर खाली फक्त सही.

आरसीवरचा पत्ता यवतमाळचाच होता. बाबांची तपासणी झाली की त्यांना दवाखान्याच्या बाकड्यावर बसवलं आणि त्या पत्त्यावर गेलो. दार एका आजींनी उघडलं. गुरुजींना जाऊन दोन वर्षं झाली होती. गाडी त्याच्याही आधी विकलेली.

"त्यांच्या नावानं अजून गाडी फिरते?" त्यांनी विचारलं. मग आतून गुरुजींचा मोबाईल आणला. तो त्या अजून चार्ज करून ठेवतात. त्यात चलनांचे मेसेज होते, वेगमर्यादेचे, सीटबेल्टचे. "मला वाटलं, लुबाडणारे पाठवतात."

मला चहा घशाखाली उतरेना. गेलेल्या माणसाची जुनी सही वापरून गाडी माझ्या नावावर करणार होतो मी! मालक वारला की वारसांनी ३१ नंबरचा फॉर्म भरून आधी स्वतःच्या नावावर गाडी करायची, मग विकायची, हा सरळ मार्ग. आणि नोंदीत ज्याचं नाव, तोच कायद्यानं मालक. गाडी विकली पण नाव बदललं नाही, तर अपघाताच्या भरपाईची जबाबदारी नोंदीतल्या मालकावर येते, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. ही गाडी कुणाला धडकली असती, तर नोटीस या दारात आली असती.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं. मालकानं गाडी ताब्यात दिली की तशी नोंद पोर्टलवर करायची, आणि तिथून पुढची जबाबदारी डीलरची. नियम चांगला आहे. पण कोऱ्या फॉर्मचे गठ्ठे अजून टेबलांच्या खणात आहेत, ते मी डोळ्यांनी पाहिले.

आजींना लेखी अर्ज लिहून दिला, मृत्यू दाखल्याची झेरॉक्स जोडली, आरटीओत कुठे द्यायचा ते सांगितलं. मी ती गाडी घेतली नाही. डीलरला तसं सांगितलं, तर म्हणाला, "एवढं कोण पाह्यते, भाऊ?"

खरंच कोण पाहतं? तेच विचारायला ही पोस्ट लिहिली. तुमच्यापैकी कुणी गेल्या दहा वर्षांत गाडी किंवा मोटारसायकल विकली असेल, तर आज एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पाहा. मालकाच्या जागी अजून तुमचं नाव असेल, तर उद्याच आरटीओ गाठा. वडील गेले असतील, तर त्यांच्या नावावरच्या गाड्या आधी पाहा.

आणि कुणाकडे लाखाच्या आतली, नावाची आणि कागदाची स्वच्छ गाडी असेल तर सांगा. रंग कोणताही चालेल. बाबांची पुढची तारीख २२ ला आहे. तोवर काका आहेतच.